जुन्या स्पेक्ट्रमचा नवा कळफलक

ज्या यंत्राशी मनुष्याचा सारा व्यवहार बोटांच्या अग्रांनी व्हावयाचा असतो, त्या यंत्राची परीक्षा त्याच्या अंतर्भागातील विद्युन्मंडलात होत नाही इतक्या कठोरपणे, ही बोटे जेथे टेकतात त्या पृष्ठभागावर होत असते. आणि १९८० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील घराघरांतून शिरलेल्या छोट्या संगणकांविषयी तर असे निश्चयाने म्हणता येईल, की त्यांची बुद्धी आज चाळीस वर्षांनंतरही बहुधा शाबूत आढळते, पण त्यांचे कळफलक मात्र त्यापूर्वीच थकलेले असतात. अशा संगणकाला नवा कळफलक आणि नवी पेटी देऊन पुनः कामास लावण्याचा उद्योग आज अनेक देशांतील हौशी लोक मोठ्या आस्थेने करीत आहेत. या उद्योगाचे स्वरूप काय, त्यात नेमके काय बदलते आणि काय बदलू देऊ नये, हे सामान्य वाचकाला समजावून सांगावयाचे तर सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने काढलेल्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या संगणकाइतका बोलका दाखला दुसरा मिळणार नाही, कारण काटकसर, कल्पकता आणि त्या दोहोंतून उद्भवलेली अडचण ही तिन्ही त्याच्या कळफलकात एकत्र नांदत आहेत.

इंग्लंडातील केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी हे यंत्र जाहीर केले, तेव्हा त्याच्या १६ किलोबाइट स्मृतीच्या आवृत्तीची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या आवृत्तीची १७५ पौंड ठेवण्यात आली होती. त्याच सुमारास शाळाशाळांतून मान्यता पावलेल्या ‘बीबीसी मायक्रो’च्या ‘बी’ नमुन्यासाठी ३९९ पौंड मोजावे लागत. यंत्राच्या मंडलाची रचना रिचर्ड आल्टवासर यांनी केली, त्याची बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांनी सिद्ध केली आणि त्याचे बाह्यरूप रिक डिकिन्सन या तरुण अभिकल्पकाने घडवले. किंमत इतकी खाली आणावयाची म्हणजे प्रत्येक भागाच्या खर्चाचा हिशेब घेणे प्राप्तच होते, आणि कळफलक हा तर कोणत्याही संगणकातील सर्वांत महाग यांत्रिक भागांपैकी एक. चांगल्या टंकलेखकासारख्या कळफलकात प्रत्येक कळीला स्वतंत्र टोपी, स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो, म्हणजे सुट्या भागांची संख्या शेकड्यांत जाते. याआधीच्या ‘झेडएक्स-८०’ आणि ‘झेडएक्स-८१’ या यंत्रांत सिंक्लेअर यांनी कळाच काढून टाकून त्यांच्या जागी एक सपाट, स्पर्शाला निर्जीव असा छापील पृष्ठभाग दिला होता. स्पेक्ट्रममध्ये कळा हलल्या पाहिजेत, पण खर्च मात्र फारसा हलता कामा नये, असा तो पेच होता.

त्या पेचातून जे उत्तर निघाले ते पाहिले म्हणजे डिकिन्सन यांच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. चाळीस कळा त्यांनी चाळीस वस्तू म्हणून घडवल्याच नाहीत; रबराची एकच चादर अशी ओतली, की तिच्यावर चाळीस उंचवटे उठून दिसावेत. या चादरीवर चाळीस चौकटी कापलेला धातूचा एक पातळ पत्रा चिकटवला, जेणेकरून रबराच्या कळा त्या चौकटींतून डोके वर काढतील. आणि चादरीच्या खाली पॉलिएस्टरच्या पातळ थरांचा एक पडदा ठेवला. या पडद्याच्या वरच्या आणि खालच्या थरावर विद्युद्वाहक रेषा छापलेल्या असून मधल्या थराला कळांच्या जागी भोके आहेत. कळ दाबली की वरचा थर भोकातून खालच्या थराला स्पर्श करतो आणि मार्ग पुरा होतो. बोट उचलले की रबर स्वतःच्या लवचीकपणाने पूर्वस्थितीला येते. सगळा कळफलक एवढाच! त्या रबराच्या स्पर्शाची त्या काळच्या समीक्षकांनी मनसोक्त निंदा केली, आणि लांबलचक मजकूर ज्याला टंकित करावयाचा आहे त्याच्या दृष्टीने ती निंदा अवास्तव नव्हती. परंतु स्कॉटलंडातील डंडी येथे टाइमेक्सच्या कारखान्यातून हे यंत्र लाखोंच्या संख्येने बाहेर पडू शकले आणि ज्या कुटुंबाला संगणकाचे स्वप्नही परवडत नव्हते त्याच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसले, याचे बरेचसे श्रेय याच रबराच्या चादरीला आहे.

पडद्याकडून संगणकाकडे जाणाऱ्या दोन चपट्या फिती आहेत, एक आठ रेषांची आणि एक पाच रेषांची, आणि या यंत्राचे बहुतेक सगळे दुखणे या दोन फितींत साठलेले असते. आठ गुणिले पाच म्हणजे चाळीस. संगणक कळांकडे चाळीस स्वतंत्र वस्तू म्हणून पाहत नाही, आठ रांगा आणि प्रत्येक रांगेत पाच जागा अशा कोष्टकाच्या रूपाने पाहतो. सेकंदाला पन्नास वेळा त्याचा झेड-८० ए हा प्रक्रियक आठ रांगांना क्रमाने हाक देतो आणि प्रत्येक रांगेतल्या पाच जागांपैकी कोठे मार्ग जुळला आहे हे वाचून घेतो. काळ लोटतो तशी पडद्याची फीत कडक आणि ठिसूळ होते, आणि पेटी उघडताना ती जराशी जरी वाकली तरी तिच्यावरील रेषेला सूक्ष्म तडा जातो. अशा वेळी कोणत्या कळा मेल्या आहेत ते नीट पाहिले, तर पेटी न उघडताही दोषाचे स्थान सांगता येते. क्यू, डब्ल्यू, ई, आर आणि टी या ओळीने असलेल्या पाच कळा एकदम निकामी झाल्या, तर रुंद फितीतील एक रेषा तुटली आहे असे समजावे; आणि ए, क्यू, एक, शून्य, पी, एंटर, स्पेस व कॅप्स शिफ्ट अशा चारही दिशांना विखुरलेल्या आठ कळा एकत्रच रुसल्या, तर तो अपराध पाच रेषांच्या अरुंद फितीचा. ज्याला हे कोष्टक ठाऊक नाही तो या विखुरलेल्या मृत्यूंनी गोंधळून जातो आणि मुख्य चिपच बिघडली असावी असा तर्क करून यंत्र अडगळीत टाकतो. असे कित्येक स्पेक्ट्रम अकारण अडगळीत गेले असतील, या विचाराने मन हळहळते.

रबराच्या स्पर्शाविषयीची तक्रार इतकी सार्वत्रिक होती, की यंत्र बाजारात आल्यानंतर थोड्याच काळात इंग्लंडातील अन्य कारखानदारांनी त्यासाठी बदली कळफलक विकावयास काढले. डीकेट्रॉनिक्स, फुलर, सागा अशी त्यांची नावे होती, आणि त्यांतील कित्येकांची पद्धत अशी असे, की सिंक्लेअरची मूळ पेटी उघडून तिच्यातील सर्किट बोर्ड काढून घ्यावयाचा आणि नव्या, प्रशस्त व खऱ्या कळा असलेल्या पेटीत तो बसवावयाचा. जुन्या संगणकाला नवा कळफलक आणि नवी पेटी देण्याची वहिवाट अशा रीतीने त्या संगणकाच्या तरुणपणीच पडली. आज जे हौशी लोक हे काम करतात ते काही विपरीत करीत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खुद्द सिंक्लेअर कंपनीनेही ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून जो संगणक १७९.९५ पौंडांना बाजारात आणला, तो जुन्याच ४८ किलोबाइटच्या यंत्राला दिलेला नवा वेष होता. आत तोच बोर्ड, बाहेर कठीण प्लास्टिकच्या अठ्ठावन्न कळा आणि पुनरारंभासाठी एक रीसेट बटण. ज्यांच्या घरी जुने रबरी यंत्र होते त्यांनाही आपल्या हातांनी हा फेरफार करता यावा म्हणून नव्या पेटीचा आणि कळफलकाचा संच स्वतंत्रपणे विकण्याची तजवीज कंपनीने केली होती. येथे एक प्रश्न सहज उद्भवतो: संगणकाला तर चाळीसच जागा ओळखता येतात, मग या जादा अठरा कळांचे त्याला काय कळावे? उत्तर मोठे मनोवेधक आहे. जुन्या यंत्रावर अक्षर खोडावयाचे असल्यास कॅप्स शिफ्ट आणि शून्य या दोन कळा एकदम दाबाव्या लागत. प्लसवर त्यासाठी ‘डिलीट’ नावाची एकच कळ आहे, पण तिच्याखाली पडद्याच्या जादा थरांत दोन संपर्क अशा खुबीने योजलेले आहेत, की ही एक कळ दाबली म्हणजे शिफ्टचा आणि शून्याचा असे दोन्ही मार्ग एकाच वेळी जुळतात. चार बाणांच्या कळा, ‘एडिट’, ‘ब्रेक’, स्वल्पविराम, पूर्णविराम, या सर्वांची कथा हीच. संगणकाच्या समजुतीत अणुमात्र बदल झालेला नाही. त्याला आजही वाटते की कोणी तरी दोन बोटांनी दोन कळा दाबीत आहे. नव्या कळफलकाने मनुष्याचे श्रम हलके केले आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. दुर्दैवाने हाच गुंतागुंतीचा पडदा पुढे प्लसचा सर्वांत दुबळा भाग ठरला, आणि त्या काळच्या काही विक्रेत्यांनी तर या यंत्रांतील नादुरुस्तीचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद केली. रबरी यंत्रांचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या घरात असे.

भारताचा या इतिहासाशी जो संबंध येतो तो याच प्लसच्या द्वारे. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आपल्या देशात विकण्यास आरंभ केला आणि दशक संपेपर्यंत तिचा काही हजारांच्या संख्येने खप झाला. शासनाच्या १९८४ मधील ‘क्लास’ योजनेतून शाळांना मिळाला तो मात्र बीबीसी मायक्रो. म्हणून आपल्याकडे एखाद्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात स्पेक्ट्रमच्या कुळातील यंत्र सापडलेच, तर त्याच्यावर रबरी कळांऐवजी कठीण कळाच असण्याचा संभव अधिक, आणि त्याच्या दुरुस्तीचा मामला बहुधा त्या अनेक थरी पडद्यापासूनच सुरू होईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुदैवाने आज या यंत्रांसाठी नवे पडदे तयार होतात. रबराच्या नव्या चादरी, छापील नवे पत्रे आणि काळ्याखेरीज पारदर्शक किंवा रंगीत प्लास्टिकच्या नव्या पेट्याही मिळतात. रबरी स्पेक्ट्रमची पेटी तळाशी असलेल्या पाच स्क्रूंनी आवळलेली असते. ते काढल्यावर यंत्र सरळ धरून वरचे झाकण अगदी हळू, एखाद-दुसरा इंचच उचलावे, कारण झाकण आणि बोर्ड यांच्यामध्ये त्या दोन फिती ताणलेल्या असतात आणि उतावळ्या हाताने झाकण झटकन उघडले तर ज्या फिती आतापावेतो धड होत्या त्याही तेथेच तुटतात. फीत सॉकेटच्या अगदी जवळ, दोन बोटांच्या चिमटीत, रुंदीभर धरून सरळ वर ओढावी. तिरकी ओढू नये, हलवून सैल करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. पूर्वी कित्येक लोक तुटलेल्या फितीच्या टोकाचा काही मिलिमीटर भाग कात्रीने कापून उरलेले टोक पुनः सॉकेटात बसवीत. हा उपाय एक-दोनदा साधतो, पण प्रत्येक वेळी फीत आखूड होते आणि अखेर ती बोर्डापर्यंत पोचेनाशी होते. नवा पडदा माफक किमतीत मिळत असताना या कात्रीच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यापर्यंत पोचण्यासाठी वरचा धातूचा पत्रा उचलावा लागतो, आणि या सबंध कामात सर्वांत नाजूक क्षण हाच. पत्रा चिकटपट्टीने बसवलेला आहे. त्याच्या कळांमधल्या पट्ट्या बोटाच्या नखाइतक्याही जाड नाहीत. स्क्रूड्रायव्हरने एका कोपऱ्यातून रेटा दिला की पत्र्याला जी मुरड पडते ती पुढे कितीही दाबली तरी पुरती जात नाही, आणि प्रकाशात यंत्र तिरपे धरले की ती सदैव डोळ्यांत खुपत राहते. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद उष्ण हवा पत्र्यावर काही वेळ फिरवली तर गोंद मऊ होतो. मग बोथट प्लास्टिकची पट्टी कडेने सावकाश सरकवीत नेऊन पत्रा सपाटच वर घ्यावा. पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यातील लाल, पिवळा, हिरवा आणि निळा हे तिरके पट्टे डिकिन्सन यांच्या रचनेची मुद्रा आहेत. पत्रा खराब झाला असला तरच नवा बसवावा, एरवी जुनाच पुनः चिकटवावा.

पेटी बदलणाऱ्याने उष्णतेचा विचार विसरता कामा नये. नऊ व्होल्टचा पुरवठा पाच व्होल्टवर आणणारा ७८०५ नावाचा नियंत्रक या बोर्डावर असतो आणि उरलेली शक्ती तो उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. ती शोषून घेण्यासाठी त्याला ॲल्युमिनियमचा एक पत्रा जोडलेला आहे. नव्या पेटीत या पत्र्याला पुरेशी जागा हवी. मागच्या बाजूचा विस्तारजोडणीचा लांब खाचा, दूरदर्शन संचाचे सॉकेट, टेपरेकॉर्डरची ‘इअर’ आणि ‘माइक’ ही दोन भोके आणि विजेचे भोक, यांच्या जागा बोर्डाशी काटेकोर जुळल्या पाहिजेत. विजेच्या बाबतीत एक सूचना मुद्दाम करतो: स्पेक्ट्रमच्या प्लगचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, म्हणजे आज बाजारात सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या अॅडॉप्टरांच्या नेमका उलट. वरून तसाच दिसणारा परका अॅडॉप्टर जोडला तर नव्या पेटीचा आनंद क्षणभरही टिकणार नाही.

राहिला मुख्य निवडीचा प्रश्न: रबराच्या जागी रबरच बसवावे, की ज्यात प्रत्येक कळीला स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच आहे असा आधुनिक यांत्रिक कळफलक घ्यावा? ज्याला या यंत्रावर खरोखर कार्यक्रम लिहावयाचे आहेत त्याला यांत्रिक कळफलकाचे सुख निर्विवाद आहे. परंतु स्पेक्ट्रमची बेसिक भाषा अक्षरे जुळवून शब्द लिहू देत नाही. ‘पी’ दाबले की ‘प्रिंट’ हा सबंध शब्द दूरदर्शन संचाच्या पडद्यावर उमटतो, ‘जे’ दाबले की ‘लोड’, आणि एकाच कळीवर, तिच्या वर आणि तिच्या खाली मिळून पाच-सहा अर्थ छापलेले असतात. हे छापील शब्द यंत्राचे व्याकरण आहे. दिसावयास देखण्या पण कोऱ्या टोप्यांचा कळफलक बसवला, तर ज्याला हे सर्व शब्द मुखोद्गत नाहीत त्याच्या दृष्टीने यंत्र मुके होते. म्हणून यांत्रिक कळफलक घेणाऱ्याने तो सर्व मूळ शब्दांसह छापलेलाच घ्यावा, त्यासाठी चार पैसे अधिक पडले तरी हरकत नाही. केवळ खेळ खेळणाऱ्याला हा विधिनिषेध नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते रबराकडे झुकते, आणि ते स्मरणरंजनापायी नव्हे. त्या चादरीतच या यंत्राचा सगळा युक्तिवाद सामावलेला आहे, आणि तो आजही लोकांना पटतो असे दिसते. डिकिन्सन यांनी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निघालेल्या ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ या नव्या यंत्राला पुनः आपल्या हातांनी कठीण कळांची पेटी रेखाटून दिली. ही यंत्रे ग्राहकांच्या हाती २०२० मध्ये पडली, पण त्याआधी २०१८ मध्ये डिकिन्सन यांचे निधन झाले होते. उलट २०२४ च्या अखेरीस ‘द स्पेक्ट्रम’ या नावाने जी प्रतिकृती बाजारात आली तिने निःशंकपणे रबरी कळाच पसंत केल्या. दोन्ही बाजूंना मानणारे लोक आहेत आणि दोघांनाही आपापले यंत्र लाभते आहे. एकच अट मी घालीन: बोर्डाला भोक पाडू नये, मूळ सॉकेटे उपटू नयेत, म्हणजे जो फेरफार केला तो पुढे कोणालाही परत फिरवता येईल. जुन्या कळफलकाच्या फिती सॉकेटातून निघतात आणि नव्याच्या त्याच सॉकेटात बसतात. मूळ रचनाकारांनी ही वाट मोकळी ठेवली आहे, ती बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अन्य जुन्या संगणकांच्या पेट्यांची तऱ्हा थोडी निराळी. फिकट रंगाचे एबीएस प्लास्टिक ज्यांत वापरले आहे ती यंत्रे प्रकाशाने आणि काळाने पिवळी पडतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या उपचाराने त्यांचा मूळ रंग बराचसा परत आणता येतो. कमोडोर ६४ च्या उत्तर आवृत्तीच्या पेट्यांचे मूळ पोलादी साचे तर काही वर्षांपूर्वी उत्साही लोकांनी हुडकून काढले, आणि लोकवर्गणीच्या बळावर त्यांतून पुनः नव्या पेट्या ओतल्या. स्पेक्ट्रमची पेटी काळी असल्याने या पिवळेपणाच्या कटकटीतून ती सुटली आहे.

नवा पडदा आणि नवी पेटी हाती आल्यावर कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम दोन्ही फिती न जोडताच बोर्डाला वीज द्यावी. दूरदर्शन संचाच्या पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चचा १९८२ चा स्वामित्वहक्काचा मजकूर उमटला तर बोर्डाचे आरोग्य ठीक आहे असे समजावे, आणि तो न उमटल्यास कळफलकाला दोष देण्यात अर्थ नाही, आधी विजेच्या मंडलाची आणि स्मृतीच्या चिपांची तपासणी करावी. मजकूर उमटल्यावर वीज बंद करावी, फिती सरळ आत दाबून बसवाव्या, आणि पाच स्क्रू आवळण्याच्या अगोदरच पुनः वीज देऊन आठही रांगांतील पाच-पाच कळा एकेक करून दाबून पाहाव्या; दोन शिफ्ट कळांची परीक्षा मात्र दुसऱ्या कळीच्या जोडीनेच होते. जुना पडदा मोडका असला तरी तो, जुनी चादर आणि जुनी पेटी एका खोक्यात नीट बांधून, बोर्डावर छापलेला आवृत्तिक्रमांक त्या खोक्यावर टिपून ठेवावा. एकाच पेटीत बसणाऱ्या या बोर्डांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि कोणता बोर्ड मुळात कोणत्या पेटीतला, हे पुढे विचारणाराला त्या टिपणाखेरीज दुसरा पुरावा मिळणार नाही.